पाळणा आणि नेम

माळ घालताना वारकऱ्याने सर्व विचार केलेला असतो. पंधरवड्याची एकादशी, रोजचा हरिपाठ, वर्षाची आषाढी-कार्तिकी, परद्रव्य व परस्त्री यांपासून दूर राहणे, एवढे पदरात बांधून घेतल्यावर मग पेरणी अडली आहे, गुडघा धरला आहे, गाठीला पैसा नाही, या सबबी तो स्वतःच्या मनाच्याही ऐकून घेत नाही. आपल्या संप्रदायाचे बळ याच हट्टात आहे. ज्येष्ठ वद्यात देहूहून सप्तमीला आणि आळंदीहून अष्टमीला पालख्या हलतात, त्या वेळी लाखो माणसे घरे मागे टाकून चालू लागतात. कोणी कोणाला बोलावीत नाही आणि कोणी हजेरी घेत नाही. नेम आहे म्हणून ती येतात.

गेल्या कार्तिकीस फडावर एका तरुण माळकऱ्याने शंका काढली आणि तिथल्या तिथे मंडळींत दोन तट पडले, त्याचे कारण हेच. शंका अशी : "महाराज, माळ घातल्याला सात वर्षे झाली, आषाढी कधी चुकली नाही. यंदा ज्येष्ठात घरी दुसरे बाळ झाले. माउलींचे प्रस्थान झाले त्या दिवशी ते अकरा दिवसांचे होते. थोरला तीन वर्षांचा. आई म्हणाली, जा बाबा, पांडुरंग बघून घेईल. मी गेलो नाही. आता दिंडीतले लोक हसतात. माझा नेम मोडला का?"

एकाने विचारले, "आणि मंडळी काय म्हणाल्या?"

"ती काहीच बोलली नाही."

वयोवृद्ध वीणेकरी बुवांनी निकाल दिला की नेम मोडला; हरकत नाही, पण मोडला म्हणावे, शब्दांचे पांघरूण घालू नये. दुसरे एक गृहस्थ म्हणाले, "अहो, घरात बाळ आले म्हणजे घरीच पंढरी आली. नेम कसला मोडतो?" पुष्कळांनी माना डोलावल्या. मला दोन्ही उत्तरे पटली नाहीत, आणि दुसरे तर पहिल्याहूनही कमी पटले. ते फार स्वस्त आहे. असेच म्हणत गेले तर शेतातच पंढरी, दुकानातच पंढरी, अंथरुणातच पंढरी, असे करत करत भीमेच्या वाळवंटात पाऊल टाकायला कोणी उरायचे नाही. म्हणून या शंकेचा जरा खोलात जाऊन विचार केला पाहिजे. प्रश्न त्या एका माणसाचा नाही. आषाढीच्या सुमारास ज्यांच्या घरी पाळणा हलतो अशी घरे प्रत्येक दिंडीत दरसाल असतातच.

प्रथम त्या घरात काय चालले असते ते पाहू. आपल्याकडे बाळंतिणीची खोली हा पुरुषांनी पाहावयाचा विषय नव्हे अशी समजूत फार दिवस होती, आणि त्यामुळे पुरुषांचे याबाबतीतले अज्ञान मोठे आहे. नवजात अर्भक दिवसरात्र मिळून आठ ते बारा वेळा दूध मागते. झोपते पुष्कळ, पण तुकड्यातुकड्यांनी. दोन-तीन तासांवर एक झोप जात नाही. म्हणजे आईचीही झोप तितक्याच तुकड्यांची. दूध पाजावे, खांद्यावर घेऊन ढेकर काढावी, दुपटे बदलावे, पाठ टेकावी, की पुन्हा टॅहॅ सुरू. नाळेचा उरलेला देठ वाळून पडायला आठवडा-दोन आठवडे लागतात; तोवर तो कोरडा ठेवावा लागतो, त्यावर काही लावायचे नसते. पहिल्या दोन-चार दिवसांचे घट्ट पिवळसर दूध, ज्याला आपण चीक म्हणतो, ते पिळून टाकण्याची जुनी चाल होती. ते टाकू नये, तेच बाळाचे पहिले संरक्षण, हे आता सर्व डॉक्टर सांगतात. मध चाटवण्याची चालही सोडली पाहिजे. वर्षाच्या आतल्या मुलाला मध देऊ नये, आणि सहा महिने आईच्या दुधाखेरीज पाणीसुद्धा नको. (हे येथे विषयांतर वाटेल. पण आपल्या मंडळींत अजून मधाची बोटे फिरतात म्हणून लिहिले.)

बाळंतिणीच्या मनाचेही एक सांगितले पाहिजे. तिसऱ्या-चौथ्या दिवसापासून पुष्कळ बायकांना कारण नसता भडभडून येते. घरात सगळे आनंदात, आणि ही बाई अळिवाची खीर पुढे घेऊन रडते आहे. सासूला वाटते, नखरे आहेत. नवऱ्याला वाटते, आपले काही चुकले. यात नखरेही नाहीत आणि कोणाचे चुकलेलेही नसते. शरीर एवढ्या मोठ्या फेरफारातून जात असते की मनाला तोल सावरायला वेळ लागतो. दोन आठवड्यांत हे बहुधा निवळते. न निवळले, वाढतच गेले, तर डॉक्टरला दाखवावे. अंगारा लावून बसू नये.

हे सगळे पहिल्या बाळंतपणातही असते. मग दुसऱ्याचे वेगळे काय? वेगळे हे की पहिल्या वेळी त्या खोलीत दोनच जीव असतात. दुसऱ्या वेळी दारात तिसरा उभा असतो.

तो थोरला. परवापर्यंत आईच्या कुशीत निजत होता. आई चार दिवस दिसली नाही, आणि आली ती कुशीत दुसरेच कोणी घेऊन. त्यात पोट कापून बाळंतपण झाले असेल तर डॉक्टरांनी बजावलेले असते की काही आठवडे बाळाहून जड काही उचलायचे नाही. म्हणजे तीन वर्षांचा मुलगा हात वर करून उभा राहिला तरी आई त्याला उचलून घेऊ शकत नाही! हे त्याला कोण समजावणार? मग सुटलेली सवय परत लागते, अंथरूण ओले होते, स्वतःच्या हाताने जेवणारा भरव म्हणतो, आणि कोणाचे लक्ष नाहीसे पाहून पाळण्यातल्या पायाला हळूच चिमटा काढतो. घरातली मोठी माणसे म्हणतात, "अरे, तू आता दादा झालास, शहाण्यासारखे वागावे." तीन वर्षांच्या जीवाला एका रात्रीत शहाणे होण्याची आज्ञा! आपण पन्नाशी गाठूनही ती पाळलेली नसते.

अशा मुलाला वाईट समजणाऱ्याने दशमस्कंध पुन्हा ऐकावा. यशोदा कृष्णाला पाजत बसली होती. चुलीवर दूध ठेवले होते ते उतू जाऊ लागले, म्हणून त्याला तसाच अर्धपोटी खाली ठेवून ती धावली. मागे श्रीहरींनी काय केले? ओठ थरथरले, डोळ्यांत पाणी आले, आणि दगड घेऊन दह्याचे मडके फोडले. पुढे उखळाला बांधायला घेतले तर दावे दोन बोटे कमी पडते, तो भाग आपण कीर्तनात रंगवून सांगतो. पण त्या आधीच्या क्षणावर आपण थांबत नाही. मांडीवरून खाली ठेवले याचे दुःख साक्षात परब्रह्माने बाळरूपात सोसले नाही, तिथे आपल्या घरच्या पोराने दुपटे भिरकावले तर त्यात एवढे नवल ते काय? यशोदेकडेही पाहा. ती मुलावर माया कमी झाली म्हणून उठली नव्हती. दूध उतू चालले होते. दोन हाका एकाच वेळी आल्या आणि बाई एकटी होती. तिच्याजागी घरात दुसरे कोणी त्या क्षणी चुलीजवळ असते, तर तिला उठावे लागले नसते. दुसऱ्या बाळाच्या घरातली प्रत्येक आई दिवसातून दहा वेळा अशी मध्येच उठते.

येथे एक जुना प्रश्न येतो. दुसरे मूल आले की पहिल्यावरची माया वाटली जाते काय? कीर्तनात याचे उत्तर ठरलेले असते : दिव्याने दिवा लावला तर पहिल्या दिव्याचा प्रकाश कमी होत नाही. दृष्टांत सुंदर आहे, आणि प्रकाशापुरता खराही आहे. पण दिव्यात तेल असते ना? तेल वाटले जाते. वेळ वाटला जातो, झोप वाटली जाते, मांडी तर एकच आहे. आईच्या हृदयातली माया कमी झालेली नाही हे आई जाणते, देव जाणतो. मुलाला हृदय दिसत नाही, त्याला मांडी दिसते. तीन वर्षांच्या वयात माया म्हणजे मांडीच. तेव्हा, "तुझ्यावरही तितकीच माया आहे हो" हे वाक्य आपल्या बाजूने खरे असते आणि त्याच्या बाजूने खोटे. त्याला मांडी देण्यानेच ते खरे होईल. एक मांडी गुंतलेली असेल तर दुसरी मांडी पाहिजे, आणि घरात दुसरी मांडी बापाची असते. आजी असली तर भाग्य. पण आजीचे गुडघे गेलेले असतात, आणि कित्येक घरी आता आजी नसतेच.

आता मूळ शंकेकडे येऊ. पालखी पंढरीस आषाढ शुद्ध दशमीला पोचते. प्रस्थानापासून धरले तर अडीच-तीन आठवडे. बारशाच्या आदल्या दिवशी निघालेला बाप परत येईतो बाळ महिन्याचे होते. त्या महिन्यात थोरल्याच्या दोन्ही मांड्या गेलेल्या, बाळंतिणीच्या रात्रीत दुसरे जागे माणूस नाही, आणि म्हातारी एकटी चुलीशी. याला "पांडुरंग बघून घेईल" म्हणावे काय?

नेमाची थोरवी मी कमी करीत नाही. उन्हात चालावे, चिखलात निजावे, अर्धपोटी राहावे, पायाला फोड यावे. यात भक्ताचा देह झिजतो म्हणून ते तप. नेमाला किंमत आहे ती तो भरणारा स्वतः भरतो म्हणून. माझ्या वारीची किंमत माझ्या पायांनी दिली तर ती माझी वारी. पण ती किंमत जर दुसऱ्या कोणाच्या जागरणातून, दुसऱ्या कोणाच्या टाके पडलेल्या पोटातून दिली जात असेल, तर वारी कोणाची झाली? एक माणूस चालतो, एक माणूस झिजतो, आणि पुण्य मात्र चालणाऱ्याच्या नावे जमा करायचे, हा हिशेब कोणत्या वहीत बसतो? दान द्यावे ते आपल्या पदरचे. शेजाऱ्याच्या कणगीतून धान्य काढून केलेल्या अन्नदानाला आपण दान म्हणत नाही. शेजाऱ्याने तोंडातून शब्द काढला नाही म्हणूनही ते दान ठरत नाही. त्या गृहस्थांची पत्नी काहीच बोलली नाही, हे मला त्या संपूर्ण हकिगतीत सर्वांत महत्त्वाचे वाटले. देवाच्या कामाला नको म्हणण्याची आपल्या घरांतल्या बायकांना सोयच ठेवलेली नाही. "जाऊ नका" म्हणावे तर वारीच्या आड येणारी म्हणून नाव व्हायचे. जिला नाही म्हणता येत नाही तिच्या मुकाट्याला होकार समजणे हे धर्माचे लक्षण नव्हे.

आणि "पांडुरंग बघून घेईल" या वाक्याचा आधार तरी काय? आधार आहे, आणि तो फार मोठा आहे. पण तो जाणाऱ्याच्या बाजूचा नाही. मंगळवेढ्याच्या चोखोबांची कथा परंपरेत प्रसिद्ध आहे. सोयराबाईंचे दिवस भरले, घरात अठराविश्वे दारिद्र्य, जवळ कोणी बाईमाणूस नाही, आणि चोखोबा घराबाहेर. तेव्हा विठोबा चोखोबांच्या बहिणीचे, निर्मळेचे, रूप घेऊन आले आणि त्यांनी सोयराबाईंचे बाळंतपण केले. मंडळी, हे जरा डोळ्यांपुढे आणा. ज्याच्या पायावर डोके ठेवायला आपण तीन आठवडे चालतो तो नणंद होऊन बाळंतिणीला शेक देतो आहे, बाळाला न्हाऊ घालतो आहे, धुणे धुतो आहे. ज्यांना राउळाची पायरी चढू दिली जात नव्हती त्यांच्या झोपडीत जाऊन ज्या कामाला सोवळ्यातली माणसे विटाळ म्हणतात ते काम त्याने केले. आता मला सांगा, या कथेचा अर्थ "घर सोडून जा, देव बाळंतपण करील" असा घ्यावयाचा की "देव स्वतः जेथे गेला तेथे तू का नाहीस" असा? देव बाळंतिणीच्या घरात आणि भक्त देवाला शोधीत रस्त्याने, ही गंमत कीर्तनात हसायला ठीक आहे.

गोरोबाकाकांचीही कथा पुढे केली जाते. तेरचे गोरोबा चिखल तुडवीत नामात रंगले, रांगते मूल पायाखाली आले, त्यांना भान नव्हते. ही कथा बहुतेक कीर्तनांत देहभान हरपल्याचे उदाहरण म्हणून येते, आणि ते हरपणे अलौकिक होते यात शंका नाही. पण कथा तेवढीच सांगून सोडू नये. पाण्याला जाताना त्या माउलीने सांगितले होते, पोराकडे लक्ष ठेवा. मूल तिने बापाच्या ओटीत घातले होते. परत येऊन तिने जो टाहो फोडला तो कथेतून कोणी पुसलेला नाही. पुढे विठोबाची आण, हात तोडून घेणे, एवढे सगळे झाले, आणि शेवट कुठे झाला? पंढरीत, नामदेवरायांच्या कीर्तनात, गोरोबांना हात फुटले तेव्हा नव्हे. ते मूल रांगत परत आले तेव्हा. संतांच्या कथेला मूल परत दिल्यावाचून थांबता आले नाही. देवाला ते मूल परत द्यावेसे वाटले, म्हणजे त्या आईच्या टाहोचे देवावर ऋण होते असेच मी समजतो. आपल्यापैकी कोणाच्या नामाने मेलेले मूल परत येईल असे आहे? मग गोरोबांचा अर्धाच दाखला आपण कसा घ्यावा?

हे वाचून वीणेकरी बुवा म्हणतील, झाले! प्रत्येकाला आता घरी बसायला कारण मिळाले. त्यांचे भय खरे आहे. पुंडलिकाच्या नावावर पुष्कळ विटा फेकल्या जातात. पण पुंडलिकाने वीट फेकली तेव्हा त्याच्या हातांत आईबापांचे पाय होते, हे विसरू नये. हात गुंतलेले होते म्हणून देवाला थांबवले. हात मोकळे असता वीट फेकणे म्हणजे देवाचा निव्वळ अपमान. वारी चुकवून घरी राहिलेला बाप रात्री दुसऱ्या खोलीत दार लोटून निजतो, सकाळी उठून चहा मागतो, दिवसभर हातातल्या फोनवर पालखीची छायाचित्रे पाहून हळहळतो, आणि बाळ रडले की "अगं, बघ जरा" म्हणतो, तर त्याच्याबद्दल मी बुवांच्या बाजूचा. त्याने खुशाल दिंडीत जावे. निदान घरातले एक ताट कमी होईल.

म्हणून त्या तरुणाला मी उलट विचारले, "राहिलास, मग काय केलेस?" तो लाजला. मग सांगू लागला : रात्रीचे दोन वाजताचे दूध पाजून झाले की बाळ मी घ्यायचो, ढेकर येईतो फिरवायचो. दुपटी मी धुवायचो. थोरल्याला माझ्याजवळ निजवायचो. पहिल्या चार रात्री तो आईसाठी रडला, पाचव्या रात्री माझा कान धरून झोपला. अशा रीतीने तो सांगत गेला. मंडळींत कोणी हसले नाही. बुवासुद्धा ऐकत होते.

माझे मत असे झाले. नेम मोडला नाही असे म्हणण्याची गरज नाही; बुवांचा तेवढा शब्द मला मान्य आहे. वारी चुकली ती चुकली, तिची हुरहूर त्याला लागावी आणि ती लागली होती. हुरहूर लागली नसती तर मला त्याच्या राहण्याचाही संशय आला असता. पण नेम चुकणे निराळे आणि दोष लागणे निराळे. आपला शब्द राखण्यासाठी दुसऱ्याचा देह खर्ची पडणार असेल तर शब्द मोडण्याचे दुःख आपण घ्यावे, हेही झिजणेच आहे. हसणाऱ्यांचे हसणे सोसणे हा त्यातलाच भाग. पुढच्या आषाढीस मूल वर्षाचे होईल, तेव्हा तो जाईल. आणि त्या वेळी बायकोला विचारून जाईल असे मला वाटते.

आपल्या कीर्तनकारांनीही एका गोष्टीचा विचार करावा. तुकोबारायांच्या जिजाईला आपण कीर्तनात फार हसतो. कजाग, तोंडाळ, विठोबाला शिव्या देणारी. पण भंडाऱ्याच्या डोंगरावर भाकरी कोण नेत होते? परंपरा सांगते की महाराज वैकुंठास गेले तेव्हा जिजाई गरोदर होत्या, आणि नारायणबाबांचा जन्म त्यानंतरचा. बाप नसलेल्या घरात, लहानगी मुले अवतीभोवती, त्या बाईने ते बाळंतपण कसे काढले असेल? त्याच नारायणबाबांनी पुढे इ. स. १६८५ मध्ये तुकोबांच्या व ज्ञानोबांच्या पादुका एका पालखीत घालून पंढरीस नेण्याची प्रथा घातली. आज आपण ज्या सोहळ्यात नाचतो त्याची सुरुवात ज्या मुलाने केली ते मूल त्या तोंडाळ बाईने एकटीने वाढवले. हसण्याच्या जागी हसावे. पण हे दोन शब्दही बोलावेत.

दुसरे एक राहिले. वरचे सर्व ज्याला राहणे शक्य आहे त्याच्याविषयी झाले. केंद्र सरकारच्या पुरुष नोकराला पहिल्या दोन मुलांच्या वेळी १५ दिवसांची पितृत्व रजा १९९७ सालापासून मिळते. नोकरी करणाऱ्या आईला २०१७ च्या दुरुस्तीप्रमाणे पहिल्या दोन बाळंतपणांस २६ आठवड्यांची पगारी रजा आहे, तीही जेथे तो कायदा लागू आहे तेथे. शेतमजुराला, हमालाला, रोजंदारीवरच्या गवंड्याला कोण रजा देतो? बाळ चार दिवसांचे असता तो पहाटे कामावर जातो, न गेला तर बाळंतिणीच्या ताटात काही पडत नाही. त्याच्या जाण्यात आणि वारीला जाण्यात फरक आहे. भाकरीसाठी गेलेला माणूस घरासाठीच गेलेला असतो. अशा घरी गावच्या दिंडीने काही करता येईल. दिंडीत अन्नदानासाठी आपण पोत्यांनी गहू जमवतो. त्यातला एक शेर डिंक-खोबऱ्यासह गावातल्या बाळंतिणीच्या घरी आधी गेला तर पंगतीत काही कमी पडणार नाही. आणि दिंडीसोबत ज्या बाया येत नाहीत, ज्या यंदा बाळंत आहेत म्हणून येत नाहीत, त्यांच्याकडे रोज एक बाई दुपारचे दोन तास थोरल्या मुलाला सांभाळायला जाईल, एवढे ठरवायला कोणत्या फडाची परवानगी लागत नाही.

शेवटी एका बाईंनी जाता जाता विचारलेली लहानशी शंका. दहा दिवसांच्या सोयरात हरिपाठ म्हणावा की नाही? सोयर पाळणाऱ्या घरांत देवपूजा थांबते, देवळात जात नाहीत, ते ज्याने त्याने आपल्या कुळाचाराप्रमाणे पाहावे. नामाला सोयरही नाही आणि सुतकही नाही, यावर संप्रदायात दुमत नाही. बाळंतिणीने अंथरुणावर पडल्या पडल्या म्हणावे, केस मोकळे असले तरी म्हणावे, अर्ध्यावर झोप लागली तर उरलेले उद्या. रात्री तीन वाजता बाळाला खांद्यावर टाकून येरझाऱ्या घालणाऱ्या बापानेही म्हणावे, चालीवर म्हणावे, पावलाला ठेका आपोआप सापडतो. फक्त टाळ घेऊ नयेत. थोरला जागा होईल.